स्वामी-सेवक संबंध (आरंभीची इंग्रजी साहसकथा)

सतराव्या शतकाचा उत्तरार्ध ते अठराव्या शतकाचा पूर्वार्ध या काळातील इंग्रजी साहसकथेत गोरा प्रवासी आणि त्याच्या हाताखाली आलेला बिगर-युरोपीय माणूस यांच्यात रंगवलेले नाते. त्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे डॅन्यल डेफो (सु. १६६०–१७३१) याच्या रॉबिन्सन क्रूसो या कादंबरीतील निर्जन बेटावर अडकलेला क्रूसो व त्याने वाचवून सेवक केलेला फ्रायडे. वसाहतीतील जमीन, श्रम आणि सत्ता यांचा व्यवहार येथे दोन माणसांच्या घरगुती नात्यात उतरला. जीव वाचवल्याची कृतज्ञता हा त्या नात्याचा पाया ठरवल्यामुळे त्यातली सक्ती वाचकाच्या नजरेआड गेली.

या नात्याची पूर्वपीठिका नाटकात आढळते. शेक्सपिअरच्या द टेंपेस्टमधील (सु. १६११) कॅलिबन हा स्वतःचे बेट गमावून त्या बेटाचा ताबा घेणाऱ्या प्रॉस्परो या जादूगाराची लाकडे वाहणारा सेवक आहे, मात्र तो शिव्याशाप देतो, कट करतो. ॲफ्रा बेनच्या ओरुनोकोमध्ये (१६८८) सुरिनामच्या मळ्यावर विकला गेलेला आफ्रिकी राजपुत्र बंड करून मरतो. आपखुशीने वाकणारा आणि वाकण्यात सुख मानणारा सेवक या दोन्ही कृतींत नाही.

हा सेवक डेफोला कोठे सापडला, याविषयी मतभेद आहेत. कादंबरीचे मूळ म्हणून सामान्यतः अलेक्झांडर सेलकर्क या स्कॉटिश खलाशाचे नाव घेतले जाते. पॅसिफिकमधील हुआन फर्नांदेस द्वीपसमूहातील मास आ तिएरा या बेटावर तो १७०४ पासून एकटा राहिला. १७०९ मध्ये वुड्स रॉजर्स या इंग्रज कप्तानाच्या जहाजांनी त्याची सुटका केली. चिलीने १९६६ मध्ये या बेटाला क्रूसोचे नाव दिल्याने हा समज आणखी पक्का झाला. परंतु पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरच क्रूसोचे बेट अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, ओरिनोको नदीच्या मुखापाशी असल्याचे छापले आहे. शिवाय सेलकर्कजवळ कोणी सेवक नव्हता. बाराव्या शतकातील अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधील) तत्त्वज्ञ इब्न तुफैल याच्या हय्य इब्न यक्झान या कथेकडेही काही अभ्यासक बोट दाखवतात. तिचे लॅटिन भाषांतर १६७१ मध्ये आणि सायमन ऑक्लीने केलेले इंग्रजी भाषांतर १७०८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही निर्जन बेटावर वाढलेल्या नायकाला पुढे एक सोबती भेटतो. हा सोबती नायकाला भाषा शिकवतो. पण ज्ञानाच्या बाबतीत नायकालाच गुरू मानतो. तेथे धनी-चाकर हा प्रश्नच येत नाही.

सेवकाच्या व्यक्तिरेखेपुरते पाहिल्यास विल्यम डँपिअर या इंग्रज खलाशाच्या प्रवासवर्णनातील (१६९७) एका प्रसंगाचा दावा अधिक बळकट वाटतो. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील मिस्किटो जमातीचे पुरुष इंग्रज चाच्यांच्या जहाजांवर मासे, कासवे आणि मॅनाटी (समुद्रगायी) मारण्यासाठी नेले जात. असे एकदोघे जहाजावर असले की शंभर माणसांच्या पोटाची सोय होते, असे डँपिअर सांगतो. त्यांपैकी विल नावाचा एकजण १६८१ मध्ये हुआन फर्नांदेसच्याच बेटावर रानात बकऱ्यांच्या शिकारीला गेलेला असताना स्पॅनिश जहाजे दिसली आणि सोबती घाईने नांगर उचलून निघून गेले. त्याच्यापाशी बंदूक, सुरी, बंदुकीची थोडी दारू व काही छर्रे एवढेच होते. दारूगोळा संपल्यावर त्याने सुरीला दाते पाडले, तिने बंदुकीची नळी कापली, आणि ते लोखंड विस्तवात तापवून व ठोकून त्याचे भाले, गळ व लांब सुरी बनवली. बुडत्या जहाजातून तराफे भरभरून सामान आणणाऱ्या क्रूसोशी याची तुलना केली, तर कारागिरीत उजवा कोण हे वेगळे सांगायला नको. तीन वर्षांहून अधिक काळ तो तेथे एकटा होता.

१६८४ मध्ये डँपिअरचे जहाज परत आले तेव्हा रॉबिन नावाचा दुसरा मिस्किटो सर्वांआधी किनाऱ्यावर उडी मारून धावला आणि विलच्या पायांशी पालथा पडला. विलने त्याला उठवून मिठी मारली, आणि मग तोही तसाच रॉबिनच्या पायांशी पालथा पडला. रॉबिनने त्याला उठवले. विल आणि रॉबिन ही नावे इंग्रजांनी दिलेली होती, इंग्रजांकडून नाव मिळणे हे लोक मोठी मेहेरबानी मानतात, असेही डँपिअर नोंदवतो. डेफोच्या कादंबरीत यातल्या दोन्ही गोष्टी दिसतात, पण बदललेल्या रूपात. फ्रायडे जमिनीला डोके टेकतो आणि क्रूसोचा पाय उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो, तेही दोनदा. क्रूसो मात्र कोणापुढे वाकत नाही. दोघांनी एकमेकांना दिलेला मान एकाच्या वाट्याचा झाला. डेफोने हे प्रवासवर्णन वाचले होते याविषयी अभ्यासकांत फारसा वाद नाही. या विशिष्ट प्रसंगाचे ऋण सिद्ध करणारा थेट पुरावा नसला तरी साम्य योगायोगाचे मानणे अवघड आहे.

कादंबरी २५ एप्रिल १७१९ रोजी लंडनमध्ये लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. फ्रायडेच्या आधी क्रूसोच्या हाताखाली झ्यूरी हा मूर मुलगा असतो. मोरोक्कोतील साले बंदराच्या चाच्यांच्या गुलामगिरीतून दोघे एकाच नावेतून निसटतात. रानटी माणसे आलीच तर ती मला खातील, तुम्ही निघून जा, असे म्हणणाऱ्या या मुलाला क्रूसो पोर्तुगीज कप्तानाला ६० स्पॅनिश रुपेरी नाण्यांना विकतो. ख्रिस्ती झाल्यास दहा वर्षांनी मुक्तता, अशी अट असते. त्याच सौद्यात नावेची ८० नाणी मिळतात. पुढे ब्राझीलमधल्या मळ्यावर हात कमी पडू लागल्यावर क्रूसोला झ्यूरीची आठवण येते. ती मजुराची उणीव म्हणून. बेटावर आणून टाकणारी त्याची सफरही गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणण्यासाठीच निघालेली होती. अनेक संक्षिप्त बालआवृत्त्यांत हा सारा भाग गाळला जातो. मग कथा सुरू होते ती थेट वादळापासून, आणि क्रूसो निव्वळ एक दुर्दैवी खलाशी उरतो.

बेटावरील पंचविसाव्या वर्षी क्रूसो फ्रायडेला वाचवतो. त्याआधीच आपल्याला एक नोकर मिळवण्याची हीच वेळ आहे, असा विचार त्याच्या मनात येऊन गेलेला असतो. पहिल्या शिकवणीत तो त्याला वाराचे नाव देतो आणि स्वतःला ‘धनी’ म्हणायला सांगतो. फ्रायडेचे मूळ नाव विचारले जात नाही. त्याचे रूपवर्णनही बेतून केलेले आहे: केस लोकरीसारखे कुरळे नाहीत, नाक चपटे नाही, चेहऱ्यावर युरोपीय मार्दव आहे. आफ्रिकी गुलामापासून त्याला वेगळा ठेवण्याची ही धडपड बोलकी आहे. बंदुकीच्या धाकाचे वर्णन मात्र डेफो प्रांजळपणे करतो: मला मारू नकोस, अशी विनवणी फ्रायडे बंदुकीलाच करत असतो.

फ्रायडे गुलाम की चाकर, हा अभ्यासकांतील जुना प्रश्न आहे. त्या काळी इंग्रजी वसाहतींत गरीब इंग्रज ठरावीक मुदतीच्या करारावर चाकरी करत. मुदत संपली की ते सुटत. फ्रायडेला मुदत नाही, वेतन नाही, करार नाही. उलट त्याला विकण्याचा विचारही क्रूसो करत नाही. मॅक्सिमिलियन नोव्हाकसारखे अभ्यासक याचा उलगडा तत्कालीन नैसर्गिक कायद्याच्या कल्पनांतून करतात: ज्याने जीव वाचवला त्याचा त्या जीवावर हक्क. पीटर ह्यूम यांनी (१९८६) याच्या उलट बाजूवर भर दिला. फ्रायडेच्या हावभावांचा अर्थ क्रूसोच लावतो आणि आजन्म चाकरीची शपथ त्यातून तोच वाचतो. ही दुसरी भूमिका संहितेला अधिक धरून आहे, कारण त्या क्षणी दोघांना एकमेकांची भाषा येत नसते. नंतर फ्रायडेचा बाप आणि एक स्पॅनिश माणूस बेटावर येतात, तेव्हा क्रूसो स्वतःला राजा आणि साऱ्या भूमीचा मालक म्हणवतो.

डेफोची सेवकांविषयीची मते इतरत्रही सापडतात. १७२४ च्या एका पुस्तकात त्याने इंग्लंडमधील नोकरांच्या उद्धटपणाविषयी कडवट तक्रार केली आहे. कर्नल जॅकमध्ये (१७२२) व्हर्जिनियाच्या मळ्यावरील नायक गुलामांना चाबकाऐवजी दयेने आणि कृतज्ञतेने बांधून ठेवण्याची युक्ती काढतो. ही दया मळ्याच्या हिशेबात बसणारी आहे. फ्रायडेचे चित्र या दोन पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचावे.

क्रूसोच्या दुसऱ्या भागात (१७१९) ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बाण लागून फ्रायडे मरतो. त्याच भागात क्रूसो बंगालमध्येही व्यापार करतो, पण तेथे त्याला दुसरा फ्रायडे भेटत नाही. साम्यवादी विचारवंत एंगल्सने १८७८ मध्ये या जोडीचा उपयोग सत्ता आणि साधने यांच्या चर्चेत केला: तलवारीच्या बळावर क्रूसो मालक झाला, तर उद्या फ्रायडेच्या हाती पिस्तूल आल्यावर काय? जेम्स जॉइसने १९१२ मध्ये त्रिएस्त येथील व्याख्यानात क्रूसोला ब्रिटिश वसाहतकाराचा आदिनमुना म्हटले. समीक्षक इयन वॉट यांच्या विवेचनात (१९५७) भर क्रूसोच्या आर्थिक व्यक्तिवादावर असल्याने फ्रायडेला जागा कमी मिळाली.

एकोणिसाव्या शतकातील साहसकथांनी हा साचा उचलला. हॅगर्डच्या किंग सॉलोमन्स माइन्समधील (१८८५) उंबोपा चाकर म्हणून दाखल होतो आणि राजा निघतो, हा त्यातला लक्षणीय फेरफार. विसाव्या शतकात मिशेल तूर्निए (१९६७) व जे. एम. कुट्सी (१९८६) यांनी कथा नव्याने लिहिली. कुट्सीचा फ्रायडे जीभ नसलेला आहे. डेरेक वॉल्कॉटच्या पँटोमाइम या नाटकात (१९७८) टोबॅगोतील एका अतिथिगृहाचा इंग्रज मालक आणि त्याचा कृष्णवर्णीय नोकर जॅक्सन क्रूसो-फ्रायडेच्या भूमिका आलटूनपालटून करून पाहतात. अखेरीस जॅक्सन पगारवाढीचा विषय काढतो.