पाच शब्दांवर टेकलेलं नागरिकत्व

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत असेल आणि वडील नागरिक वा ग्रीनकार्डधारक नसतील, तर तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिक मानायचं नाही. तीस दिवसांनंतरच्या जन्मांना हे लागू होणार होतं. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या, ग्रीनकार्डाच्या म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या आपल्या जोडप्यांना डिलिव्हरीची तारीख मोजायला लावणारा हा आदेश.

वादाचं मूळ वाक्य १८६८ चं. त्याआधी १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुलामांच्या वंशजांना नागरिकत्वच नाकारलं होतं. तो कलंक पुसायला यादवी युद्धानंतर चौदावी घटनादुरुस्ती झाली: अमेरिकेत जन्मलेला आणि 'तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन' असलेला प्रत्येक जण नागरिक. हे 'अधीन' प्रकरण मूळ इंग्रजीत पाच शब्दांचं. त्यामुळे परकी राजदूतांची मुलं वगळली गेली, आणि टोळ्यांत राहणारे मूलनिवासीही. सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं. त्या भूमीच्या मूळ लेकरांवरचा हा अन्यायच.

परदेशी आईबापांच्या मुलांचा विचार तेव्हा झालाच नव्हता, असं मात्र नाही. १८६६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एडगर कोवन यांनी सेनेटमध्ये चिनी मुलांचं नाव घेऊन हाच सवाल केला. कॅलिफोर्नियाचे जॉन कॉनेस स्वतः आयर्लंडहून आलेले. त्यांनी ठणकावून सांगितलं, हो, तीही नागरिकच.

कसोटी लागली ती वाँग किम आर्क या स्वयंपाक्यामुळे. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. ऑगस्ट १८९५ मध्ये चीनहून परतला, तर कस्टमच्या अधिकाऱ्याने बंदरात उतरूच दिलं नाही. जन्मगाव समोर दिसतंय आणि हा महिनोन्महिने बोटींवर अडकलेला. चिनी मजुरांना बंदी घालणारा १८८२ चा कायदा तेव्हा जोरात होता. तरी २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला: वाँग अमेरिकेचा नागरिक आहे.

या निकालाने आपल्यालाही सावली दिली. १९२३ मध्ये भारतातून अमेरिकेत गेलेल्या भगतसिंग थिंड यांना 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं गेलं. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. भारतीयांना ते दार थेट १९४६ मध्ये उघडलं. पण मधल्या काळात तिथे जन्मलेली भारतीयांची मुलं वाँगच्या निकालाच्या जोरावर नागरिकच होती.

ट्रम्प यांचा आदेश खालच्या न्यायालयांनी रोखला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त देशव्यापी मनाईहुकुमांना आवर घातला. मूळ प्रश्न सुनावणीला घेतला तो डिसेंबर २०२५ मध्ये. वाँगच्या आईबापांचं सॅन फ्रान्सिस्कोत कायमचं बिऱ्हाड होतं, असा १८९८ च्या निकालात उल्लेख आहे. सरकारने नेमकं त्यावरच बोट ठेवलं: तात्पुरत्या राहणाऱ्यांच्या मुलांना तो निकाल लागू नाही. न्यू जर्सीत दहा वर्षं कर भरणारं, मोठीला शाळेत सोडून कामावर जाणारं जोडपं कागदोपत्री अजून तात्पुरतंच आहे.