मैलाला वीस फुटांचा उतार

कान्ससच्या सपाट माळावर उभं राहून खालचे थर कुठल्या बाजूला कललेत, हे कुणालाही सांगता येणार नाही. मैलाला वीस फूट उतार म्हणजे पाव अंशही भरत नाही. पण १९१०च्या दशकात तेल कंपन्यांना सर्व्हेअरकडून नेमका हाच कल हवा होता. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे सच्छिद्र खडकातून वर सरकत जातं. थर कमानीसारखे वाकलेले असले आणि वर शेलचं, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या घट्ट खडकाचं झाकण असलं, तर ते कमानीच्या माथ्याशी अडकतं. या कमानीला भूशास्त्रात अपनती म्हणतात.

एवढा बारीक कल मोजणार कसा? तो मोजायचाच नाही, उंची मोजायची. सहज ओळखू येणारा चुनखडकाचा एक थर धरायचा. ओढ्याकाठी, टेकाडाच्या कडेला तो जिथे जिथे उघडा पडलाय, तिथे त्याची उंची काढायची आणि सारख्या उंचीच्या जागा रेषेने जोडायच्या. रेषा फिरून स्वतःलाच येऊन मिळाली आणि आतल्या बाजूला उंची वाढत गेली, की खाली कमान असण्याची आशा.

साधन म्हणजे तिपाईवरचं प्लेन टेबल, त्यावर कागद आणि कागदावर दुर्बीण बसवलेली पट्टी. (आपल्या भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीतही हे टेबल अनेक दशकं होतं, बांधाची किती भांडणं त्याने पाहिली असतील!) जोडीदार उंच स्टाफ, म्हणजे फुटांच्या खुणा असलेली पट्टी, घेऊन खडकावर उभा राहायचा. दुर्बिणीतल्या दोन आडव्या तारांमध्ये स्टाफचे ८ फूट दिसले, की अंतर ८०० फूट. साखळी ओढायला नको. दुर्बिणीचा कोन वाचला की उंचीही मिळाली, आणि नकाशा तिथेच उन्हात कागदावर उतरू लागला.

माझ्या मते खरी भिस्त त्या स्टाफवाल्यावर. त्याने चुकून वरच्या थरावर स्टाफ टेकवला, की नकाशात नसलेली कमान उगवलीच. आणि विहीर खणायला लागणारा पैसा काही थोडाथोडका नव्हता. बाकीचा शत्रू म्हणजे ऊन. दुपारी तापलेल्या हवेत स्टाफवरचे आकडे नाचायला लागत, म्हणून लांबच्या नजरा सकाळी नाहीतर उन्हं उतरल्यावर. शिवाय पृथ्वी गोल आहे हे इथे विसरून भागत नाही: एका मैलावर जमीन नजरेच्या सरळ रेषेखाली ८ इंच झुकते, दोन मैलांवर ३२. हवेतून किरण वाकतो, त्याने यातलं थोडं भरून निघतं. उरलेला हिशेब संध्याकाळी वहीत.

याच पद्धतीच्या नकाशांवरून कान्ससमध्ये एल डोराडोजवळ विहीर खणली आणि ऑक्टोबर १९१५मध्ये तेल लागलं. नुसत्या अंदाजाने खणणाऱ्या जुन्या मंडळींनाही मग सर्व्हेअर लागू लागले.

टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर मात्र त्यांचं काही चालेना. सगळीकडे गाळमाती, धरायला थरच नाही. तिथे १९२४मध्ये गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म फरक टिपणाऱ्या तुळेने जमिनीखालचा, तेल अडवून धरणारा मिठाचा घुमट शोधला. ही तुळा हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ एत्व्हश यांची.