आयर्न क्रॉस (1914) : घडणीतील भेद व त्यांची पारख

आयर्न क्रॉस हे मूळ प्रशियाचे लष्करी पदक. राजा तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म याने नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, 10 मार्च 1813 रोजी, ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे ते सुरू केले. आराखडा वास्तुकार कार्ल फ्रीडरिक शिंकेल याचा. 1870, 1914 आणि 1939 साली युद्ध सुरू होताच त्याची नवी आवृत्ती निघाली. घडणीतले सर्वाधिक भेद 1914 च्या आवृत्तीत सापडतात. तिच्या दुसऱ्या (खालच्या) वर्गाची 50 लाखांवर पदके वाटली गेली, असा अंदाज आहे. एवढे काम एका टांकसाळीला झेपणारे नव्हते. ते अनेक सराफी कारखान्यांत वाटले गेले आणि प्रत्येकाने त्याच आराखड्यावरून आपापला ठसा (धातूवर दाबून नक्षी उठवण्याचा साचा) कोरला.

दुसऱ्या वर्गाचे पदक साधारण 42 मिमी रुंद असते. त्याचे मुख्य भाग तीन : काळा लाख-रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चांदीच्या दोन चौकटी. चौकटी कडेने डाखाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात. गाभ्याच्या पुढच्या बाजूस मुकुट, ‘डब्ल्यू’ (सम्राट दुसरा विल्हेल्म) हे अक्षर व 1914 असते. मागे मुकुटाखाली ‘एफडब्ल्यू’ (फ्रीडरिक विल्हेल्म), मध्ये ओकची पाने आणि खाली 1813. वरच्या डोळ्यात कडी आणि कडीत फीत. लढणाऱ्यांची फीत काळी, दोन पांढऱ्या पट्ट्यांची. न लढणाऱ्यांची याच्या उलट. पहिला वर्ग फितीविना छातीवर लावतात. त्याची पाठ सपाट असते, तिच्यावर टाचणी, बिजागरी व पकड असते. खाजगीरीत्या घेतलेल्या नगांवर स्क्रू आणि चकतीही दिसते, शिवाय काही नग फुगीर घडवलेले असतात.

कारखान्याचे चिन्ह बहुधा दुसऱ्या वर्गाच्या कडीवर ठोकलेले असते : ‘केओ’ (बर्लिनची शाही टांकसाळ), ‘विल्म’ (बर्लिनची सराफी पेढी), ‘सीडी 800’ (फोर्त्सहाइमचा कार्ल डिलेनिउस). 800 हा चांदीचा कस, म्हणजे हजारांत 800 भाग. नवखा संग्राहक आधी हेच चिन्ह पाहतो, आणि पदकाचा सर्वांत कमी भरवशाचा भाग नेमका हाच. कडी चिमट्याने उघडते, त्यामुळे साध्या नगाला दुर्मीळ कारखान्याची कडी लावणे दोन मिनिटांचे काम आहे.

म्हणून निर्णय ठशावरून करावा. दहापट भिंगाखाली तीन गोष्टी पाहाव्यात : मुकुटाची घडण, 1914 मधील आकड्यांची वळणे (विशेषतः 4 चा आडवा दांडा) आणि चौकटीच्या आतल्या कडेची मणीदार रांग. पुढची चौकट, मागची चौकट आणि गाभा या तिघांच्या ठशांचा मेळ नक्की त्याच कारखान्याचा म्हणून ठरलेल्या नगाशी बसला, तर कडीवर चिन्ह नसले तरी चालते. ठशाला तडा गेला की पदकावर बारीक उंच रेघ उमटते, आणि ठसा वापरात राहिला की ती वाढत जाते. त्यामुळे एकाच ठशातले आधीचे व नंतरचे नग वेगळे काढता येतात. ओरखडा मात्र वेगळा : तो वापरात पडतो आणि खोल असतो. दोन नगांवर तोच ओरखडा त्याच जागी असेल, तर निदान एक नग दुसऱ्यावरून उतरवलेला आहे.

उतरवलेल्या ओतीव नकलेत धातू थंड होताना आक्रसतो. 42 मिमीच्या नगात हा फरक अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असू शकतो. पण अस्सल कारखान्यांच्या मापांतही एवढा फरक आढळतो. तेव्हा कॅलिपरने घेतलेले माप त्याच ठशाच्या नगाशी ताडून पाहिले तरच उपयोगी. नकलेतले मणी बोथट होतात व खोलगट जागी सूक्ष्म छिद्रे दिसतात.

लोहचुंबकाची चाचणी सोपी असली तरी एकांगी आहे. गाभा चुंबकाला चिकटला म्हणून पदक अस्सल ठरत नाही, कारण नकलाकारालाही लोखंड मिळते. चिकटला नाही म्हणून खोटेही ठरत नाही, कारण पितळ किंवा जस्ताचे गाभे खरोखरच वापरले गेले. शिवाय 1914 चे क्रॉस युद्ध संपल्यावरही हरवलेल्या पदकांच्या जागी लावण्यासाठी बनत राहिले. ते बनावट नव्हेत. पण युद्धकाळातले म्हणून विकले, तर ती फसवणूक.

सर्वाधिक नुकसान मालकाच्या हौसेने होते. चौकटीचा दुधी-मंद पृष्ठभाग मुद्दाम साधलेला असतो : आम्लात पृष्ठभागातले तांबे निघून जाते व जवळपास शुद्ध चांदीचा पातळ थर उरतो. पॉलिश लावले की हा थर गेला, आणि तो घरी परत आणता येत नाही. गाभ्यावर नवा काळा रंग देऊ नये. आकड्यांच्या उंच कडांवरचा झिजलेला मूळ रंगच संग्राहकाला हवा असतो. चौकटीच्या फटीत गंज दिसला तरी पदक पाण्यात बुडवू नये. पाणी आत अडकते, गंज फुगतो आणि डाख उकलतो.