‘पण मुलीला सोडून गेली कशी?’

टीव्हीवर ‘उंबरठा’ सिनेमा लागला की घर सोडून जाणाऱ्या नायिकेबद्दल, सुलभाबद्दल, आमच्या घरी हा प्रश्न हमखास निघायचा. सुलभाच्या नवऱ्याने तिच्या माघारी दुसरीशी संबंध ठेवले, याबद्दल मात्र कुणी तेवढ्या तावातावाने बोलत नसे. मराठी प्रेक्षक पडद्यावरच्या धीट बाईकडे कसा बघतो, ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

या बघण्याची मुळं बरीच मागे जातात. 1899च्या ‘संगीत शारदा’ नाटकात गोविंद बल्लाळ देवलांनी पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी पोर रंगवली. शारदा विलाप करते. तिला सोडवायला कोदंड हा तरुण लागतो. प्रेक्षक हळहळला, कारण दया करायला तो तयारच होता. (1929चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडांच्या आडनावाने ओळखला जातो, मराठी माणसाच्या तोंडी त्याचा ‘शारदा कायदा’ झाला.)

1937 साली ‘प्रभात’च्या ‘कुंकू’त जरठविवाहाचाच विषय आला, पण नीरा रडत बसली नाही. फसवून लावलेलं लग्न तिने मानलंच नाही. शांता आपट्यांची ती ताठ मान आजही बघावी. तरी एक गोष्ट मला खटकते: नीराची सुटका होते ती तिचे म्हातारे नवरे काकासाहेब जीव देतात तेव्हा. केशवराव दात्यांनी त्यांना इतकं जिवंत केलंय की शेवटी डोळे पुसताना नेमकं कुणासाठी रडतोय, हे कळत नाही. नीराचा नकार न पटलेल्यालाही हा सिनेमा त्यामुळे आपलासा करता आला.

‘उंबरठा’ने 1982 साली ही सोय ठेवली नाही. स्त्रीमुक्तीच्या चळवळीने तोवर मोर्चे काढले होते, महिला वर्ष होऊन गेलं होतं. जब्बार पटेलांची सुलभा छळ होतो म्हणून घर सोडत नाही, तिला काम करायचं असतं. छळापायी घर सोडणारी बाई प्रेक्षकाला समजते. कामासाठी सोडणारी जड जाते. म्हणून तो प्रश्न.

पुढे नऊ वर्षांनी ‘माहेरची साडी’ने थिएटरं भरली. सोसणाऱ्या सुनेसाठी बायका ढसाढसा रडल्या. त्यांना मागासलेल्या म्हणणं मला अजिबात मान्य नाही. घरात रडायची चोरी असलेल्या कितीतरी जणींना त्या अंधारात आपल्याच दुःखासाठी रडता आलं.

2023मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला तशाच बायका मैत्रिणींबरोबर नटूनथटून गेल्या आणि सिनेमा संपल्यावर खुर्च्यांमधल्या वाटेत नाचल्या.