भोंग्याच्या घड्याळापासून : वऱ्हाडातील एका घडीसाज घराण्याची पार्श्वभूमी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली आणि वाटेवरच्या कापूसपट्ट्याला मिनिटांचा हिशेब ठेवणे भाग पडले. रेल्वेच्या वेळापत्रकापुढे सूर्य पाहून वेळ ठरवणे पुरेना. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. यवतमाळ त्या रेखांशाच्या बऱ्याच पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात बारा वाजून सरासरी साडेसतरा मिनिटे झालेली असतात. म्हणजे उन्हावरून घड्याळ लावण्याची सोयच नव्हती. स्टेशनावरची वेळ पाहून ती गावात आणणारा माणूस लागे.

आमच्या घरात हे काम पणजोबांकडे आले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, ते फिटर होते आणि पाळी बदलल्याचा भोंगा ज्या भिंतीवरच्या घड्याळावर वाजे, त्याला चावी देण्याचे काम त्यांच्यावर सोपवलेले होते. रुईचे तंतू चाकांच्या दातांत अडकून ते घड्याळ वरचेवर बंद पडे. ते खोलून, साफ करून पुन्हा जुळवता जुळवता हात बसला आणि फिटरचा घडीसाज झाला. आजोबांनी बाजाराच्या रस्त्यावर दुकान मांडले. त्यांनी एकही घड्याळ आरंभापासून बनवले नाही, हे खरे आहे. पण झिजलेली बुशिंगे (चाकाचा आस ज्यात फिरतो ती कडी) आणि मोडलेल्या पिना ते पितळ व पोलाद कानशीने घासून स्वतः घडवत, म्हणून मी त्यांना कारागीरच मानतो.

या धंद्याचे खरे रूप दुरुस्तीपेक्षा देखभालीत होते. टोल्याच्या घड्याळाला आठ दिवसांनी चावी लागे, म्हणून आजोबा ठरल्या वारी सायकलने शाळा, कचेरी आणि जिन असा फेरा करीत. त्यात विदर्भाचा उन्हाळा भर घाली. पोलादी दांडीचा लंबक उष्णतेने लांबतो आणि त्याचे झोके मंदावतात. तापमान तीस अंशांनी चढले, तर घड्याळ दिवसाला सुमारे पंधरा सेकंद मागे पडते, म्हणजे महिन्यात साडेसात मिनिटे. चैत्र लागला की आजोबा लंबकाच्या तबकडीखालची चाकी किंचित फिरवून तबकडी वर उचलत आणि थंडी पडू लागली की पुन्हा खाली सोडत. बोटाने चाकी फिरवायची, झाकण लावायचे, कान देऊन टिकटिक ऐकायची आणि दोन्ही बाजूंचा ठोका सारखा पडल्याखेरीज तिथून हलायचे नाही, हा त्यांचा नेम होता.

१९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला आणि काही वर्षांत ही घड्याळे कास्तकाराच्या मनगटावर आली. लग्नात नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत पडली. वडिलांच्या काळात दुकानाचे गणित चुकाऱ्यावर, म्हणजे विकलेल्या कापसाच्या मिळणाऱ्या पैशांवर, चाले : दुरुस्ती पावसाळ्यात, पैसे चुकारा मिळाल्यावर. उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे रकमेबरोबर किती क्विंटल कापूस घरात आहे, हेही वडील लिहून ठेवत.

सेलच्या घड्याळांनी ही घडी मोडली. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाला रोजची चावी लागत नाही आणि गुजरातमधल्या मोरबीहून येणारी स्वस्त भिंतीवरची घड्याळे बिघडली, तर लोक दुरुस्तीऐवजी नवी घेत. आठवड्याचा फेरा बंद पडला. दुकानात उरले सेल आणि पट्टे बदलण्याचे काम. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सुट्या भागांचा उरलासुरला भरवसाही गेला.

तरीही जुनी घड्याळे अधूनमधून येतात. दुरुस्ती केल्यावर मागच्या झाकणाच्या आत सुईच्या टोकाने खूण आणि तारीख कोरण्याची घडीसाजांची पद्धत आहे. एखाद्याच्या आजोबांचे चावीचे घड्याळ समोर येते, झाकण निघते आणि भिंगाखाली आधी माझ्या वडिलांचे अक्षर दिसते, त्याच्या वर, पुसट झालेले, आजोबांचे. मी यंत्राला हात लावण्यापूर्वी ते वाचून घेतो.