सौर चार्ज कंट्रोलर : लोड निर्गमातील बिघाड

सौर पॅनेल, बॅटरी आणि दिवे वा छोटे पंप यांच्यामध्ये बसणाऱ्या चार्ज कंट्रोलरच्या (परिभाषेत प्रभारण नियंत्रक) ज्या दोन टर्मिनलांतून उपकरणांना वीज मिळते, त्यांना लोड निर्गम म्हणतात. तेथे वीज न मिळणे, कमी मिळणे, मधूनमधून जाणे किंवा दिवा बंदच न होणे या सर्व तक्रारी ‘आउटपुट गेले’ या एकाच शब्दप्रयोगाने सांगितल्या जातात. प्रत्यक्षात त्यांची कारणे वेगवेगळी असतात, आणि कंट्रोलरचा निर्गम-स्विच पुष्कळदा शाबूत असतो. पुणे शहरात गच्चीवर नेटमीटरसह बसवलेल्या नेहमीच्या यंत्रणांत बॅटरी नसते, त्यामुळे हा भागही नसतो. येथील विवेचन मुळशी, वेल्हे, भोर या भागांतील शेतघरे, सोसायट्यांच्या आवारातील दिवे व पथदिवे यांवरील १२ आणि २४ व्होल्टच्या बॅटरीयुक्त यंत्रणांपुरते आहे.

कमी व्होल्टतेला भार तोडणारा स्विच मुळात कंट्रोलरचा अविभाज्य भाग नव्हे. दूरसंचार केंद्रांच्या वीजपुरवठ्यात तो आजही स्वतंत्र कॉन्टॅक्टर म्हणून आढळतो. पॅनेलच्या महत्तम शक्तीचा माग काढणाऱ्या एमपीपीटी तंत्राचे श्रेय सामान्यतः ब्योरिंगर यांच्या अंतराळयानांसंबंधीच्या १९६८ च्या शोधनिबंधाला देतात. जमिनीवरील व्यापारी वापराचा आरंभ १९८५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात झाला असे मानतात, मात्र हा उत्पादकाकडून आलेला दावा असल्याने तो जपून घ्यावा. लोड निर्गमाच्या दृष्टीने या इतिहासातून एवढेच लक्षात घ्यायचे की एमपीपीटीमुळे पॅनेलची बाजू बदलली, निर्गम बहुधा पूर्वीसारखाच राहिला. तेथे मिळते ती बॅटरीचीच व्होल्टता, स्थिर केलेले १२ व्होल्ट नव्हेत. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होत असताना निर्गमावर १४.४ व्होल्ट दिसले तर तो दोष नाही.

स्विच कोणत्या तारेत आहे : निदानातील बहुतेक चुका येथे होतात. साध्या पीडब्ल्यूएम (पॅनेल बॅटरीला वेगाने जोडत-तोडत चार्ज करणाऱ्या) कंट्रोलरमध्ये पॅनेल, बॅटरी व लोड यांची धन टर्मिनले आतून एकत्र जोडलेली असतात आणि मॉस्फेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) ऋण तारेत बसवलेला असतो. कारण आर्थिक आहे. मॉस्फेटला तीन टोके असतात : प्रवाह ड्रेन व सोर्स यांमधून जातो, गेट त्याचे नियंत्रण करते. एन-प्रकारचा मॉस्फेट पूर्ण चालू होण्यासाठी त्याच्या गेटला सोर्सपेक्षा सुमारे १० व्होल्ट अधिक लागतात. सोर्स बॅटरीच्या ऋण टोकाशी असेल तर ते बॅटरीतूनच मिळतात. धन तारेत तोच मॉस्फेट बसवायचा तर बॅटरीहून वरची व्होल्टता तयार करणारे जादा मंडल लागते.

याचा परिणाम असा की मीटरचा काळा प्रोब सवयीने बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल प्रोब लोडच्या धन टर्मिनलवर ठेवला, तर निर्गम बंद असतानाही १२ व्होल्ट दिसतात. मग दोष दिव्यावर ढकलला जातो. मोजणी लोडच्या स्वतःच्या दोन टर्मिनलांमध्येच करावी, तीही भार जोडून. मोकळ्या टर्मिनलांवर मॉस्फेटमधील सूक्ष्म गळतीमुळे सुमारे १० मेगओहम रोधाचा डिजिटल मीटर फसवी व्होल्टता दाखवतो. काही माहितीपुस्तिका भाराविना चाचणी सांगतात, वाहनाचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब (सु. १.७५ अँपिअर) जोडून केलेली चाचणी अधिक विश्वासार्ह आहे. तो बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या आसपास सहज मिळतो. त्यानंतर लोड-ऋण व बॅटरी-ऋण यांमधील फरक मोजावा. निर्गम चालू असताना तो काही मिलिव्होल्ट ते फार तर ०.१ व्होल्ट असावा. तो जवळजवळ बॅटरीइतका असेल तर स्विच उघडा आहे, म्हणजे प्रवाह तुटलेला आहे.

दिवा बंदच होत नसेल तर लोडची ऋण तार लोखंडी खांब, अर्थिंग किंवा दुसऱ्या उपकरणामार्फत बॅटरीच्या ऋण टोकाला मिळाली आहे का, हे आधी पाहावे. अशा जोडणीत प्रवाह स्विचला वळसा घालून जातो. कंट्रोलर बदलूनही दोष तसाच राहतो आणि बॅटरी रात्रभर खोलवर रिकामी होते.

तोड व पुनर्जोड : १२ व्होल्ट यंत्रणेत भार साधारणतः ११.१ व्होल्टला तुटतो व १२.६ च्या आसपास पुन्हा जुळतो. भार सुटताच बॅटरीची व्होल्टता स्वतःहून १२ च्या वर चढते. त्यामुळे मीटर १२.२ दाखवतो आणि दिवा मात्र लागत नाही, अशी स्थिती निर्माण होते. हा कंट्रोलरचा अपेक्षित व्यवहार आहे. पुण्याच्या पश्चिमेकडील घाटभागात जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे १२.६ चा टप्पा सलग काही दिवस गाठला जात नाही. त्या काळात चांगले कंट्रोलर बदलले जाण्याचा धोका मोठा असतो.

तोड-व्होल्टता किती असावी याबाबत मतभेद आहेत. प्रतिघट १.८ म्हणजे १०.८ व्होल्ट ही मर्यादा दहा तासांत बॅटरी रिकामी करणाऱ्या प्रवाहासाठी ठीक आहे. मोठ्या बॅटरीवर लहान दिवा असेल तर तेथे पोहोचेपर्यंत बॅटरी जवळपास पूर्ण संपलेली असते. केवळ दिवाबत्तीसाठी ११.५ च्या जवळची मर्यादा बॅटरीच्या आयुष्याला अधिक पोषक दिसते.

कंट्रोलरला बॅटरीची खरी व्होल्टता कळते का, हाही प्रश्न आहे. २.५ चौ. मिमी. तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम असतो. बॅटरी १० मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तार होते आणि ८ अँपिअरला जवळपास १.२ व्होल्ट तारेतच जातात, बॅटरी १२.३ वर असताना कंट्रोलरला ११.१ दिसतात व तो भार तोडतो. म्हणून भार चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर आणि कंट्रोलरच्या बॅटरी-टर्मिनलांवर अशी दोनदा मोजणी करावी. फरक ०.२ व्होल्टहून अधिक असल्यास तार, फ्यूजधारक व थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) तपासावेत. पावसाळ्यानंतर तांब्यावर चढलेला हिरवा थर घासून काढून थिंबल नव्याने दाबून बसवावा; स्क्रू नुसता आवळणे पुरत नाही.

पथदिव्याच्या मोडमध्ये कंट्रोलर पॅनेलची व्होल्टता घसरल्यावरच, तीही काही मिनिटे थांबून, निर्गम सुरू करतो. दुपारी चाचणी घेताना २४ तासांचा मोड निवडावा. दिव्याचा उजेड पॅनेलवर पडत असेल तर दिवा लागतो-विझतो. इन्व्हर्टर लोड निर्गमावर जोडू नये. त्यातील धारित्रे (कपॅसिटर) भरतानाचा क्षणिक प्रवाह अतिप्रवाह-संरक्षणाला कामाला लावतो, कधी मॉस्फेटच जाळतो. इन्व्हर्टर फ्यूज घालून थेट बॅटरीवर घ्यावा.

मॉस्फेटची तपासणी : आधी लोड, मग पॅनेल, शेवटी बॅटरी सोडवावी, जोडताना क्रम उलट. पॅनेल जोडलेले असताना बॅटरी सुटली, तर १२ व्होल्ट यंत्रणेत लोडवर २० व्होल्टच्या आसपास पोहोचू शकतात. एलईडी दिवे असे जातात. मीटरच्या डायोड स्थितीत लाल प्रोब सोर्सवर, काळा ड्रेनवर ठेवल्यास ०.४ ते ०.६ व्होल्ट दिसावेत व उलट दिशेने काहीच दिसू नये. दोन्हीकडून शून्य आल्यास मॉस्फेट शॉर्ट आहे. अशा वेळी भार कायम चालू राहतो. निकाल संदिग्ध वाटल्यास मॉस्फेट फलकावरून काढून तपासावा, कारण शेजारचे घटक वाचन बिघडवतात. बदली म्हणून आयआरएफ ३२०५ हा मॉस्फेट (५५ व्होल्ट, चालू असताना रोध ८ मिलिओहम) १२ व्होल्ट यंत्रणेला पुरतो. २४ व्होल्ट यंत्रणेत ७२ घटांच्या पॅनेलची मोकळी व्होल्टता ४४ च्या आसपास असल्याने ७५ ते १०० व्होल्ट क्षमतेचा घ्यावा. नवा सुटा भाग अस्सल आहे का हे १० अँपिअरला त्यावरील व्होल्टपात मोजून कळते : तो ८० मिलिव्होल्टच्या जवळ असावा, तापल्यावर थोडा वाढतो. पंपाची मोटर असल्यास तिच्या टोकांवर उलटा डायोड बसवल्याशिवाय नवा मॉस्फेटही टिकत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत तिचे स्वतःचे संरक्षण-मंडल बॅटरी अचानक तोडते, तेव्हा वर सांगितलेली बॅटरी सुटल्याची स्थिती आपोआप उद्भवते. कंट्रोलरची तोड-मर्यादा त्या मंडलाच्या मर्यादेहून वर ठेवावी. काही कंट्रोलरांत, विशेषतः एमपीपीटी प्रकारात, ऋण टर्मिनले एकत्र असून स्विच धन तारेत असतो. सर्व तारा सोडवून बॅटरी व लोडच्या समान टर्मिनलांमध्ये (धन-धन, ऋण-ऋण) मीटरने सलगता तपासली की प्रकार ओळखता येतो. वरील मोजणी मग धन टर्मिनलांमध्ये घ्यावी.