ताण आणि टेन्शन : मागावरून मनात, मनातून बागेत

सटाण्यात 'बागेला ताण दिलाय' म्हटलं की कुणी काळजीत पडत नाही. डाळिंबाचं पाणी ठरवून बंद केलंय, एवढाच त्याचा अर्थ. भाव पडले की त्याच घरात 'टेन्शन आलंय' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच कुळातले. संस्कृत 'तन्' म्हणजे ताणणे, पसरणे. तंतू, तान, ताण त्यातूनच आले. लॅटिन 'तेंदेरे' त्याच मुळाचा भाऊबंद, आणि टेन्शन त्याच्या पोटचं.

दोरीधाग्याचा अर्थ आधीचा. येवल्यात पैठणीच्या मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा; तो सैल राहिला तर वीण एकसारखी बसत नाही, फार कसला तर रेशीम तुटतं. विजेत टेन्शन म्हणजे दाब, म्हणून ११ हजार व्होल्टची लाइन 'हायटेन्शन'. तिच्या तारा मात्र झोळ ठेवूनच ओढतात, कारण थंडीत धातू आकसतो आणि खेच वाढते. शरीरावरच्या ताणाचा अभ्यास वैद्यकीय संशोधक हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या निबंधानंतर जोमाने सुरू झाला. 'ताणतणाव' आज सर्रास ऐकू येतो तो त्यानंतरचा.

बागेतला ताण मात्र मोजून द्यायचा असतो. डाळिंबाला वर्षभर फुलं येत राहतात. ती एकदम यावीत म्हणून ताण देऊन बहार धरतात, म्हणजे एकाच हंगामाची फुलं घेतात : आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत, मृग जून-जुलैत, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरात. हस्ताचा ताण नेहमीच अवघड, कारण नेमका तेव्हा पाऊस असतो. हलक्या जमिनीत महिनाभरात झाड ताणावर येतं, भारी जमिनीत ओल टिकते म्हणून जास्त दिवस लागतात. दिवसांपेक्षा पानांवर विश्वास ठेवावा : ती पिवळी पडून निम्मी गळाली की ताण बसला. वाढ थांबल्याने काडीत अन्नसाठा होतो आणि काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुलाकडे वळतात. मग उरलेली पानं इथरेल हे पानगळीचं औषध फवारून गाळतात, लिटरला १ ते २ मिली. ताण न बसलेल्या बागेत मात्रा वाढवून भागत नाही, काड्या वाळतात.

ताण कमी पडला तर पाणी देताच पालवी फुटते, फुलं तुरळक येतात, त्यांतही नर जास्त. अति झाला तर फांद्या शेंड्याकडून सुकतात. म्हणून हलकी छाटणी आणि खतं झाल्यावर ताण तोडताना, म्हणजे पाणी पुन्हा सुरू करताना, पहिलं पाणी हलकं द्यायचं, पुढची पाळी हळूहळू वाढवायची. सुकलेल्या मुळांना एकदम भरपूर पाणी दिलं तर फूलगळ होते.